एका ओळीची झाडलोट

श्रोतेहो, घर बांधणाऱ्याचे नाव गावात होते. त्याच घराचा केर रोज काढणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. संगणकाच्या जगातही तसेच आहे. नवे यंत्र निघाले, नवी सोय झाली, की तिची बातमी होते. परंतु जे आधी लिहून झालेले आहे ते नीटनेटके ठेवण्याचे काम तिथे अखंड चाललेले असते, आणि ते काम नीट झाले की नाही हे पाहणारी माणसेही असतात. आजच्या भाषणात या पाहणाऱ्या माणसाच्या कामाविषयी सांगावयाचे आहे. एखाद्या लहानशा झाडलोटीची तपासणी तो कशी करतो आणि तिच्यात एवढे जपण्यासारखे काय असते, हे आपण पाहू.

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊ. संगणकात, आणि आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही, एक मुख्य कारभारी असतो. कोणत्या प्रोग्रॅमला किती वेळ द्यायचा, कोणाला किती जागा द्यायची, कोणी कोणाच्या हद्दीत शिरायचं नाही, हे सारे तो ठरवतो. या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात आणि तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. दुसरा शब्द ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.चा ड्रायव्हर उभा राहतो. इथला ड्रायव्हर हा माणूस नव्हे. तो एक दुभाषा आहे. छपाईचे यंत्र, कळफलक, कॅमेरा, नेटवर्कचे कार्ड, या प्रत्येकाची बोली निराळी. कारभाऱ्याला त्या सगळ्या बोली कशा याव्यात? म्हणून प्रत्येक उपकरणासाठी एक दुभाषा नेमलेला असतो. कारभारी म्हणतो, ‘हे पान छाप.’ दुभाषा ते त्या यंत्राच्या बोलीत सांगतो आणि यंत्राचे उत्तर परत आणून देतो.

आपण ज्या कर्नलचे उदाहरण घेणार आहोत त्याचे नाव लिनक्स. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली तो लिहावयास घेतला. पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज त्या काही कोटी झाल्या आहेत, आणि त्यांतील अर्ध्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्या आहेत. अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात हाच कर्नल असतो. शेतकरी बाजारभाव पाहतो किंवा गुरुजी मुलांची हजेरी मोबाइलवर भरतात, तेव्हा खाली हाच कारभारी राबत असतो. याचा मजकूर उघडा आहे. जगातल्या कोणीही तो वाचावा, दोष दिसला तर दुरुस्ती सुचवावी. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात.

इतक्या हातांनी, इतक्या वर्षांत लिहिलेल्या मजकुरात अडगळ साचणार हे उघड आहे. कुठे एकच गोष्ट दोनदा तपासलेली असते. कुठे नाव एक आणि काम दुसरे, अशी स्थिती असते. कुठे जुन्या उपकरणासाठी लिहिलेला भाग आता कोणी वापरत नाही. ही अडगळ काढणे म्हणजे झाडलोट. हिने नवी सोय होत नाही, यंत्र पूर्वी जसे चालत होते तसेच चालावे अशीच अपेक्षा असते. मग ही उठाठेव कशासाठी? तर पुढच्या माणसाला वाचता यावे यासाठी. जो मजकूर सरळ वाचता येतो त्यातली चूक सापडते. गुंत्यातली चूक वर्षानुवर्षे दडून राहते.

आता असा बदल करावयाचा झाला म्हणजे काय करतात? मूळ प्रतीला कोणी परस्पर हात लावीत नाही. बदल सुचवणारा एक लहानसा कागद तयार करतो, अर्थात संगणकावरचा. त्याला पॅच म्हणतात. आपल्याकडे जमिनीच्या नोंदीत फेरफार कसा होतो ते आठवा. ज्यांना आपण तलाठी म्हणत आलो, ते गाव नमुना 6 मध्ये नोंद धरतात. पण नोंद धरली म्हणजे काम झालं असं नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली म्हणजे मग ती सातबाऱ्यावर पक्की होते. पॅचचेही असेच आहे. त्याच्या माथ्यावर एका ओळीत विषय असतो. खाली, हा बदल का करावा याचे कारण असते. त्याखाली पाठवणाऱ्याची सही असते, म्हणजे ‘हे मी पाठवीत आहे आणि पाठवण्याचा मला अधिकार आहे’ असा दाखला. ही सहीची पद्धत 2004 साली सुरू झाली. आणि मग प्रत्यक्ष बदल: जी ओळ काढावयाची तिच्यापुढे वजाचे चिन्ह, जी घालावयाची तिच्यापुढे अधिकाचे चिन्ह.

हा पॅच ई-मेलने त्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्याकडे जातो, आणि त्याच वेळी सर्वांना वाचता येईल अशा टपालयादीवरही जातो. तिथे तपासणारा माणूस तो उघडतो. इथून त्याचे काम सुरू होते.

सोपे उदाहरण प्रथम घेऊ. ड्रायव्हर काम करताना कारभाऱ्याकडून स्मरणातली थोडी जागा मागून घेतो आणि काम झाले की परत करतो. परत करण्याच्या आज्ञेचे नाव आहे केफ्री. पुष्कळ जुन्या ड्रायव्हरांत असे लिहिलेले आढळते: ‘जागा घेतलेली असेल, तर ती परत कर.’ आता केफ्री ही आज्ञा स्वतःच आधी पाहते की जागा घेतलेली आहे की नाही. नसेल तर ती काहीच न करता मागे फिरते. म्हणजे बाहेरची अट फुकट आहे. झाडलोट करणारा ती काढून टाकतो. दोन ओळींची एक ओळ झाली. छान झालं.

परंतु तपासणारा लगेच मान डोलावीत नाही. तो तीन गोष्टी पाहतो. पहिली, ही खरोखर केफ्रीच आहे ना? कारण जागा किंवा वस्तू परत करण्याच्या इतरही आज्ञा आहेत, आणि त्या प्रत्येकीत ही सोय असतेच असे नाही. दुसरी, त्या अटीच्या पोटात आणखी एखादी ओळ होती का? असली, तर अट काढल्यावर ती दुसरी ओळ आता नेहमीच चालेल. पूर्वी कधीकधी चालत होती. म्हणजे ही झाडलोट राहिली नाही, वागणूक बदलली. तिसरी, पाठवणाऱ्याने कारण काय लिहिले आहे? ‘साफसफाई केली’ एवढ्यावर भागत नाही. ‘केफ्री स्वतःच तपासते म्हणून अट अनावश्यक’ असे लिहिले पाहिजे. पाच वर्षांनी ही ओळ वाचणाऱ्याला हे कारण शोधत बसावे लागू नये.

दुसरे उदाहरण थोडे कठीण आहे, पण आपल्या विहिरीवरच्या मोटरीने ते चटकन समजेल. मोटर बसवताना आपण ती आधी जागेवर ठेवतो, मग तारा जोडतो, आणि शेवटी मेन स्विच चालू करतो. काढताना क्रम उलटा: आधी मेन स्विच बंद, मग तारा, मग मोटर. हा क्रम चुकला तर काय होते ते सांगावयास नको. ड्रायव्हरचेही तसेच. उपकरण जोडले जाते तेव्हा तो आधी स्मरणातली जागा घेतो, मग उपकरणाच्या हाका ऐकण्याची व्यवस्था करतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. उपकरण काढताना आधी हाक ऐकणे बंद केले पाहिजे आणि मग जागा परत केली पाहिजे.

पूर्वी हे सगळे ड्रायव्हर लिहिणाराला स्वतःच्या हाताने करावे लागे, आणि एखादी गोष्ट परत करावयाची राहून जाई. 2007 साली लिनक्समध्ये एक सोय आली. वस्तू घेतानाच ‘ही उपकरणाच्या नावावर लिही’ असे सांगावयाचे. उपकरण गेले की कारभारी त्या वस्तू आपण होऊन, घेतल्याच्या उलट क्रमाने परत घेतो. फार चांगली सोय. तेव्हापासून जुन्या ड्रायव्हरांना ही सोय लावणे ही एक नेहमीची झाडलोट झाली आहे. दहा-पंधरा ओळी सहज कमी होतात.

आता समजा, एखाद्याने फक्त हाक ऐकण्याची व्यवस्था नव्या पद्धतीने केली आणि जागा परत करण्याचे काम जुन्याच पद्धतीने हाताने ठेवले. पॅच दिसायला सुरेख आहे. पण आता काय होईल? उपकरण काढताना ड्रायव्हरचे स्वतःचे निरोपाचे काम आधी चालते, त्यात जागा परत जाते. कारभाऱ्याची आपोआपची आवराआवर त्यानंतर होते, आणि तेव्हा कुठे हाक ऐकणे थांबते. मधल्या क्षणात उपकरणाने हाक मारली तर? ड्रायव्हर धावत येणार, आणि जी जागा परत करून झाली आहे तिच्यात लिहिणार. त्या जागेवर आता कदाचित दुसऱ्याच कोणाचे बिऱ्हाड असेल. म्हणजे मेन स्विच चालू ठेवून तारा सोडवण्यासारखा हा प्रकार झाला. हजारदा काही होणार नाही, आणि एक हजार एकाव्या वेळी अख्खे यंत्र बंद पडेल. असा दोष शोधणे किती अवघड, याची कल्पना करा.

इथे तपासणाराचा प्रश्न एकच असतो: ‘काढताना क्रम काय होतो?’ याचे उत्तर पॅचमध्ये दिसत नाही. पॅच बदललेल्या ओळी आणि त्यांच्या वरखालच्या तीनतीन ओळी दाखवतो. क्रम कळण्यासाठी मूळ फाइल उघडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. नकाशावर एका गटाची हद्द हलवायची, तर शेजारचे गट पाहावे लागतात, तसेच हे.

तिसरे उदाहरण प्रत्यक्ष घडलेले आहे. लिनक्समध्ये टन नावाचा एक ड्रायव्हर आहे. एखाद्या प्रोग्रॅमला जणू तोच नेटवर्कचे कार्ड आहे असे वागता यावे, यासाठी तो असतो. त्याच्या एका भागात सुरुवातीला पत्त्याची एक चिठ्ठी हाती येई. चिठ्ठी कोरी असेल तर परत फिरायचे, अशी अट होती. 2009 साली दुसऱ्याच कामासाठी केलेल्या बदलात या अटीच्या वर एक ओळ आली: ‘चिठ्ठीतल्या पत्त्यावर जाऊन अमुक माहिती आण.’ ही ओळ जिथे सर्व नावांची यादी असते तिथेच, यादीत शोभेल अशी बसली होती. नाव सांगणे आणि त्याला किंमत देणे एकाच ओळीत उरकणे, ही तर झाडलोट करणाऱ्यांची आवडती रीत. तो बदल स्वतः झाडलोट नव्हता. परंतु झाडलोट तपासणाऱ्याने शिकावे असे त्यात पुष्कळ आहे.

पुढे काय झालं पाहा. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा कंपायलर हुशार असतो. निरुपयोगी काम तो गाळतो. त्याने विचार केला: ‘पहिल्याच ओळीत चिठ्ठीतल्या पत्त्यावर जाऊन आले आहेत. म्हणजे चिठ्ठी कोरी नसणारच. मग खालची अट कशाला?’ आणि त्याने ती अट गाळून टाकली. मूळ मजकुरात अट दिसत होती. यंत्रात ती उरली नव्हती. कोऱ्या चिठ्ठीचा अर्थ यंत्राच्या लेखी शून्य क्रमांकाचा पत्ता. त्या पत्त्यावर सहसा कोणाला काही ठेवू देत नाहीत, पण त्या वेळी तो अडसर चुकवण्याच्या वाटा होत्या. दुष्ट हेतूच्या माणसाने तिथे आपली बनावट माहिती ठेवली, की ड्रायव्हर तीच खरी मानून चालणार, आणि साध्या वापरकर्त्याच्या हाती साऱ्या संगणकाच्या किल्ल्या जाणार. 2009 च्या जुलैमध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवण्यात आले. दुरुस्ती केवढी? वरच्या ओळीत नाव फक्त सांगायचे, आणि किंमत अटीच्या खाली द्यायची. एका ओळीच्या दोन झाल्या. त्यानंतर कर्नल तयार करताना कंपायलरलाही सांगून ठेवण्यात आले, की अशा अटी गाळू नकोस.

आता कोणी म्हणेल, ही तज्ज्ञांच्या घरातली भांडणे. आम्हाला त्याचे काय? म्हणून आणखी एक हकीकत सांगतो. ही ड्रायव्हरची नव्हे, पण झाडलोटीचीच आहे. डेबियन नावाची, लिनक्सवर उभारलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्यात गुप्त किल्ल्या तयार करणारा एक भाग आहे. दूरच्या संगणकाशी सुरक्षित बोलावयाचे तर अशी किल्ली लागते. 2006 साली एका तपासणी-साधनाने त्यातील दोन ओळींवर शंका घेतली, म्हणून त्या ओळी बंद करण्यात आल्या. साधनाच्या तक्रारी थांबल्या. परंतु त्यांतील एक ओळ किल्लीत यदृच्छेचा, म्हणजे अंदाज न करता येण्याचा, अंश मिसळणारी होती. ती गेल्यावर किल्ल्यांत जो काही फरक उरला तो एका 32,768 पर्यंतच्या क्रमांकापुरता. एकाच प्रकारच्या यंत्रावर, एकाच जातीच्या किल्ल्या एवढ्याच प्रकारच्या निघू लागल्या. माणसाला हा आकडा मोठा वाटेल. संगणक तेवढ्या किल्ल्या थोड्या वेळात लावून पाहतो. हे उघडकीला आले 2008 च्या मे महिन्यात. सुमारे दोन वर्षे जगभर लोक या किल्ल्या विश्वासाने वापरीत होते. त्या सगळ्या मोडून नव्या कराव्या लागल्या. बदल करण्यापूर्वी विचारणा झालीच नव्हती असेही नाही. ती झाली होती. परंतु त्या ओळी तिथे कोणत्या कामासाठी आहेत, हे समोरासमोर ठेवून पाहिले गेले नाही.

यावरून झाडलोट करूच नये असा अर्थ कोणी काढील. तो बरोबर नाही. बरोबर अर्थ असा, की लहान बदलालाही पूर्ण वाचन लागते. हे वाचन कसे करतात त्याचे काही नियम आता थोडक्यात सांगतो.

एका पॅचमध्ये एकच काम असावे. रिकाम्या जागा नीट करणे, नाव बदलणे आणि क्रम बदलणे ही तीन कामे एकत्र आली, तर तपासणारा ती परत पाठवतो आणि वेगवेगळी करून आणा म्हणतो. पन्नास निरुपद्रवी ओळींच्या गर्दीत एक उपद्रवी ओळ डोळ्यांतून निसटते.

नुसते रूप बदलले असेल, तर तपासणारा बदलापूर्वीचा आणि नंतरचा मजकूर यंत्रभाषेत उतरवून ताडून पाहू शकतो. दोन्ही सारखे निघाले तर चिंता मिटली. निराळे निघाले, तर ‘नुसती झाडलोट’ हे म्हणणे तपासावे लागते.

बदल चालवून पाहिला आहे का, हे विचारावे. ड्रायव्हर हजारो आहेत, आणि प्रत्येक उपकरण पॅच पाठवणाऱ्याजवळ असणे शक्य नाही. म्हणून प्रामाणिक माणूस लिहितो, ‘फक्त कंपाइल करून पाहिले.’ हे लिहिण्यात कमीपणा नाही. त्यावरून तपासणाऱ्याला कळते, की इथे आपल्याला दुप्पट काळजीने वाचले पाहिजे. कारण ते उपकरण कुठल्या कारखान्यात किंवा दवाखान्यात चालू असेल, हे दोघांनाही ठाऊक नसते.

आणि शेवटचा नियम, ही झाडलोट मुळात हवी आहे का, हे पाहावे. सातबाऱ्यावर नोंदीपुढे फेरफाराचा क्रमांक असतो. त्यावरून ती नोंद कधी, कशाने आली ते काढता येते. लिनक्समध्येही प्रत्येक ओळ कोणत्या बदलाने आली हे पाहता येते. केवळ शोभेसाठी हजार ओळी हलवल्या, तर त्या सगळ्यांपुढे झाडलोट करणाऱ्याचाच क्रमांक लागतो आणि जुना माग शोधणे कठीण होते. शिवाय जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांसाठी नंतरच्या दुरुस्त्या मागे न्यावयाच्या असतात. ओळी हललेल्या असल्या की त्या बसत नाहीत. म्हणून चांगल्या चाललेल्या जुन्या ड्रायव्हरला विनाकारण हात लावू नये, असा तिथला संकेत आहे. नवशिक्यांसाठी मात्र स्टेजिंग नावाचा एक वेगळा विभाग 2008 पासून ठेवला आहे. अजून पक्के न झालेले ड्रायव्हर तिथे असतात, आणि त्यांची झाडलोट करीत नवी माणसे शिकतात.

शिक्षकबंधुभगिनींना यात विशेष रस वाटेल असे मला वाटते. तपासणारा उत्तर कसे देतो पाहा. पॅचमधली ओळ जशीच्या तशी उतरवून तिच्याखाली तो लिहितो: ‘इथे जागा आधी परत जाते असे दिसते. मधे हाक आली तर काय होईल?’ ‘तुम्हाला येत नाही’ असे तो म्हणत नाही. निदान म्हणू नये. दोष ओळीचा असतो, माणसाचा नव्हे. पाठवणारा सुधारून दुसरी प्रत पाठवतो, कधी तिसरी, कधी पाचवी. शेवटी समाधान झाले म्हणजे तपासणारा आपले नाव पॅचखाली घालतो. त्या नावाचा अर्थ असा, की मी हे वाचले, माझ्या शंका फिटल्या आणि हे घेण्याजोगे आहे असे मी सर्वांसमोर सांगतो. पुढे दोष निघाला तर ते नाव तिथे राहतेच. वह्या तपासताना आपण खाली जी सही करतो, तिला एवढा अर्थ असावा.

हा सारा व्यवहार उघड्यावर चालतो. एक साधा संगणक, ई-मेल आणि धीर असला, तर तालुक्याच्या गावातला विद्यार्थीही तो वाचू शकतो. पॅच पाठवण्याची घाई त्याने करू नये. आधी महिनाभर इतरांचे पॅच आणि त्यांवरची उत्तरे वाचावीत, आणि प्रत्येक वजाच्या ओळीपुढे थांबून स्वतःला विचारावे, की ही ओळ मुळात इथे का होती? शाळेत संगणक असेल तर गुरुजींनी वरच्या वर्गातल्या मुलांना असा एखादा पॅच फळ्यावर उतरवून दाखवावा. त्यांना इंग्रजीचा थोडा अडसर होईल, पण वजा आणि अधिक ही चिन्हे तर त्यांच्या ओळखीचीच आहेत.

इतके सांगून आजचे भाषण पुरे करतो.